अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक

दिवाळी अंकवाल्यांनी निरोप धाडला, तात्या, धंद्यातले अनुभव द्या. माझी शाळा चौथीत सुटली. ते म्हणाले, तुम्ही नुसतं बोला, आम्ही लिहून घेतो आणि नीटनेटकं करतो. मी म्हटलं, मी कापलेल्या डोक्यावर दुसऱ्यानं कात्री फिरवलेली मला खपत नाही. वाकडंतिकडं असंल तसं छापा, नाहीतर राहू द्या. तुम्ही हे वाचताय, म्हणजे त्यांनी ऐकलं.

निमगाव केतकीत स्टँडच्या अंगाला माझं दुकान आहे. पाटीवर 'केशकर्तनालय' असा लांबलचक शब्द आहे, पण लोक 'तात्याचं दुकान' म्हणतात. धंदा मी बारामतीत मामाच्या हाताखाली शिकलो. मामानं आधी माणूस दिलाच नाही, मडकं दिलं. मडक्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो उतरवायचा. करकर आवाज आला की मामाची टपली. मडक्याला कळू न देता फेस निघाला, तेव्हा कुठं माझ्या पुढ्यात माणसाचा गाल आला.

लोकांना वाटतं दाढी म्हणजे काय, साबण लावला आणि खरवडलं. तसं नसतं. आधी पाणी मुरवावं लागतं. मग फेस. पहिला हात केसांच्या वळणानं, दुसरा उलटा. आधी उजवा गाल, मग डावा, मग हनुवटी, आणि गळा सगळ्यात शेवटी. गळ्याच्या वेळी गिऱ्हाईक मान मागं टाकतं. त्याला माझं तोंड दिसत नाही, वरचा पत्रा दिसतो. गावातला कितीही मोठा माणूस असू द्या, तेवढा वेळ तो माझ्या भरवशावर असतो. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मामा म्हणायचा, खुर्चीतलं बोलणं खुर्चीत ठेवायचं, आणि अर्ध्या दाढीनं माणूस उठवायचा नाही. अर्धी दाढी म्हणजे गाढवावरून धिंड काढल्यागत. एकदा समोरच्या भजीवाल्याच्या कढईनं पेट घेतला. सगळं स्टँड पळालं. मी माझ्या गिऱ्हाइकाचा गळा पुरा केला, तुरटी फिरवली आणि मग बादली उचलली. भजीवाला अजून टोमणे मारतो. मारू द्या.

हा नियम मी जन्मात एकदाच मोडला. त्याचीच ही गोष्ट, आणि ती सुरू झाली टीव्हीमुळं.

जावयानं जुना टीव्ही दिला, तो मी दुकानात बाजूच्या भिंतीला लावला. दिवेलागणीला त्यावर एक मालिका लागायची. वाळूचा टेम्पो चालवणारा भैरू नावाचा गरीब माणूस, तो हळूहळू नदीचा राजा कसा होतो, अशी ती गोष्ट. सगळा बाक भरायचा, उरलेले दारात उभे. मी हातातलं काम सोडून कधी बघितलं नाही. मी ती मालिका आरशात बघितली. त्यामुळं माझा भैरू डावखुरा होता आणि टेम्पोचं स्टेअरिंग भलत्याच बाजूला.

धंद्याला मात्र त्यानं बरकत आणली. भैरू सुरुवातीला गुळगुळीत होता, मग त्यानं खुंट ठेवले, मग कोरीव दाढी, मग पार छातीपर्यंत जंगल. गिऱ्हाइकं येऊन सांगायची, "तात्या, पहिल्या खुनाच्या येळंची दाढी करा." लोणी देवकरच्या कंपनीत जाणारा एकजण तर म्हणाला, "वाळूचं लायसन मिळाल्यानंतरची करा, पण साहेब ओरडणार न्हाय अशी." मी म्हटलं, "मग पहिल्या भागातली कर बाबा, बिनदाढीची."

आणि भाग संपला की वाद सुरू. वादाचा विषय एकच. भैरू बिघडला कधी?

सोपानआबा, कारखान्यातून रिटायर झालेले, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणायचे, "पहिल्या रात्री वाळू भरली तितंच संपला." डेअरीवर दूध घालणारा गुलाब म्हणायचा, "आबा, सुरुवातीला पोटासाठी केलं वो. पैसा झाल्यावर बी थांबला न्हाय, तितं बिघडला." आणि दत्ता म्हणायचा, "भैरू बिघडलेलाच न्हाय. त्याच्या जागी तुमी असता तर काय केलं असतं, ते सांगा." दत्ता म्हणजे ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांचा मालक. अंगानं दांडगा, बोलायला गोड, अडल्यानडल्याला ट्रॅक्टर देणारा. त्याच्याशी वाद घालताना लोक आवाज जरा खालीच ठेवायचे.

मला कुणी विचारत नव्हतं, पण माझं मत होतं. भैरू पहिल्या भागात चौकातल्या न्हाव्याकडं दाढी करायचा, मान मागं टाकून, डोळे मिटून. पुढं त्यानं ते बंद केलं. घरात कोंडून घेऊन एकटाच करायला लागला, आणि नंतर करायचीच सोडली. दुसऱ्याच्या हातात मान द्यायची भीती ज्या दिवशी वाटली, त्या दिवशी भैरू बिघडला. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तात्या, तुमाला सगळ्यात दाढीच दिसती." मी म्हटलं, "व्हय, दिसती."

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

त्या दिवशी मोठा भाग होता. दुकान गच्च. बाकाच्या कडेला मारुती बसला होता. मारुती म्हणजे दत्ताच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. घरी म्हातारी आई, लग्नाची बहीण. भाग सुरू व्हायच्या आधी दत्ता दारात आला. "मारुत्या, ट्रॉल्या भरल्यात. चल ऊठ."

मारुती म्हणाला, "मालक, आजचा एवढा भाग. संपला की निघतो."

"कारखान्यावर लाईन लागली हाय."

"मालक, एवढाच."

दत्ता चिडला. "बस मग भैरूच्या मांडीवर. मीच घिऊन जातो." आणि तो गेला. ट्रॅक्टरचा आवाज स्टँडवरून लांब गेला तो दुकानातल्या सगळ्यांनी ऐकला.

त्या भागात भैरूचा जुना जोडीदार नदीतल्या वाळूच्या खड्ड्यात रुततो. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. हात वर करून हाका मारतो. भैरू काठावर उभा. हातात दोर आहे, पण तो टाकत नाही. नुसता उभा राहून बघतो. तेवढ्यात मारुती बाकावरून उठून टीव्हीवर ओरडला, "आरं, हात दे की त्येला!" आबांनी त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. लोक हसले. म्हणून तो प्रसंग सगळ्यांच्या ध्यानात राहिला.

दुसऱ्या दिवशी कळलं. पाटाच्या पुलाजवळ ट्रॉलीचं टायर बसलं होतं. मागं लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, दगड लावलेले नाहीत, झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. दत्ता ट्रॉल्या रस्त्यावर तशाच सोडून जॅक आणायला गेला. अंधार पडला. बाजार करून घरी निघालेला एक माणूस मोटारसायकलवरून आला आणि ट्रॉलीतल्या उसात घुसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. लसूण विकायचा तो. शंकर नाव. त्याचं नाव मी मुद्दाम घेतोय, कारण पुढचे कैक दिवस माझ्या दुकानात खड्ड्यात मेलेल्या टीव्हीतल्या माणसाचं नाव सगळे घेत होते, शंकरचं एकानंही घेतलं नाही.

ट्रॅक्टर मारुती चालवतो हे सगळ्या रस्त्याला ठाऊक. चौकशी झाली तेव्हा दत्ता म्हणाला, मारुतीच गेला होता. आणि मारुती म्हणाला, व्हय, मीच.

तो पोलिसांपुढच्या जबाबाच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्याकडं आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तात्या, पार बारीक करा. आत उवा व्हत्यात म्हणं."

माझी कात्री थांबली. "कुठं आत?"

"उद्या इंदापूरला जायचं हाय. मालक म्हणत्यात जामीन हुईल. न्हाय झाला तर थोडं दिस."

"मारुती, तू हितं बसला होतास की रं."

तो आरशात बघंना. म्हणाला, "तेच की तात्या. मी हितं बसलो म्हणून मालकाला जावं लागलं. मी असतो तर फांदी टाकली असती, दगड लावलं असतं. मी टीव्ही बघत बसलो." मग म्हणाला, "बहिणीचं लग्न मालक करून देनार हायेत. खुर्चीतलं हाय तात्या. बाहेर बोलू नका."

मी त्याचे केस पार बारीक केले. मानेवर पावडर मारली. तो गेल्यावर खाली पडलेले केस किती वेळ झाडले नाहीत. खुर्चीतलं खुर्चीत. मामानं घातलेली गाठ, ती सोडवायची कशी? आणि खरं म्हणजे खुर्चीतलं असं काही नव्हतंच. बाकावरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण जो तो म्हणायचा, मारुती स्वतः व्हय म्हणतोय, मग आपण कशाला मधी पडा. मीही तेच म्हणत होतो, मनात.

सकाळी दुकान उघडलं. आबा पेपर वाचत बसलेले. गुलाब दुधाचे कॅन गाडीला अडकवून चहाला थांबलेला. दत्ताची मोटारसायकल येऊन उभी राहिली, मागं मारुती. दत्ता आत आला, मारुती बाहेर गाडीजवळच थांबला. बारीक केसांमुळं तो अगदी पोरसवदा दिसत होता.

"तात्या, गुळगुळीत करा. सायबांपुढं जायचंय," दत्ता म्हणाला आणि खुर्चीत बसला.

टॉवेल गळ्याला लावला. पाणी मुरवलं. फेस केला. शेवटी गुलाबच बोलला, टीव्हीकडं बघत. टीव्ही तर बंद होता.

"काल बघितलं का आबा? भैरू बायकोला म्हणतो, मी त्याला हात बी लावला न्हाय."

आबांनी पेपरमधून मान वर केली नाही. "खरंच हाय की. हात कुठं लावला? हातात दोर हुता, त्यो बी टाकला न्हाय."

"मग त्यो खून कसा?" दत्ता खुर्चीतून म्हणाला. "त्यानं ढकललं का? न्हाय. वाळूनं वढलं. भैरू नुसता हुबा राह्यला."

मी उजवा गाल धरला होता. म्हटलं, "बोलू नको, लागंल."

पण तो थांबंना. "घरदार हाय त्याला. त्यो आत गेला तर दहा तोंडं उपाशी. बुडणारा तर एकटा जीव हुता."

"एकटा कसा?" गुलाब म्हणाला. "त्याची आई दाखवली की. दारात बसलेली."

"मालिकेत समद्यांचीच आई दाखवत्यात."

आबांनी पेपर खाली ठेवला. "दत्ता, मी रोज म्हणायचो, भैरू पहिल्या रात्री बिघडला. काल मला वाटलं, न्हाय. वाळू चोरली, पैसं खाल्लं, तवर त्याला माघारी येता येत हुतं. काठावर हुबा राह्यला तितनं माघारी वाट न्हाय."

"आबा, तुमी मालिकेचं बोलताय न्हवं?"

"मग आनि कशाचं?"

दत्ताचा जबडा माझ्या बोटांखाली दगडासारखा झाला. धंद्यातली गोष्ट सांगतो, माणूस तोंडानं काहीही बोलू द्या, दात आवळले की गाल सांगतो, आणि आवळलेल्या गालावर वस्तरा घसरतो. मी हात उचलला. उजवा गाल पुरा झाला होता, लख्ख. डाव्या गालावर फेस तसाच. मी वस्तरा पुसला आणि मिटला.

दत्ता आरशात बघून म्हणाला, "काय झालं?"

मी म्हटलं, "दत्ता, भैरूनं दोर टाकला न्हाय त्या येळंला मारुती ह्या बाकावर बसला होता. ओरडला होता टीव्हीवर. मी आरशात बघितलंय."

दत्तानं टॉवेलखालून हात काढला आणि माझं मनगट धरलं. त्याच मुठीत मिटलेला वस्तरा होता. हाड कडकडलं. माझं वय झालंय, पण मी हात ओढला नाही आणि त्याच्या डोळ्यांतून डोळे काढले नाहीत.

"पुरी करा," तो हळू म्हणाला.

"न्हाय करणार."

"तात्या, मला असं बाहेर काढताय? ह्या तोंडानं?"

"तू जाऊन ये. ऱ्हायलेली आल्यावर करतो. आणि खोटं सांगून आलास तर माझ्या खुर्चीत बसू नको."

"मारुती स्वतः कबूल हाय. तुमाला काय त्रास हाय?"

तेवढ्यात आबा उठले. गुडघे धरून, सावकाश. म्हणाले, "मी त्याचा सदरा धरून खाली बसवला हुता, दत्ता. माझ्या हातानं. कुनी इचारलं तर मी सांगनार."

गुलाबनं चहाचा पेला खाली ठेवला. तो दत्ताच्याच भावकीतला. त्याचा आवाज फाटला, पण बोलला. "मी बी हुतो हितं, दादा."

दत्तानं माझा हात सोडला. मला वाटलं, आता आरसा फोडतो. तो उठला आणि गळ्याला टॉवेल तसाच ठेवून बाहेर गेला. अर्धं तोंड गुळगुळीत, अर्ध्यावर फेस. स्टँडवर सगळे बघायला लागले. भजीवाल्याचा झारा हवेत राहिला. दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. मारुती घाबरून म्हणाला, "मालक, तोंडाला..." दत्ता म्हणाला, "बस मागं." आणि गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली.

त्या दिवशी मी तीन माणसांना कापलं. नेमकं कुठं कापलं ते त्यांनाच विचारा, मला आठवत नाही. दिवस काही केल्या संपंना. आबा घरी गेले नाहीत. गुलाब दूध घालून परत येऊन बसला. आलेला प्रत्येकजण विचारायचा, आज टीव्ही का बंद?

उन्हं कलल्यावर एसटी आली. तिच्यातून मारुती उतरला. एकटाच. बारीक डोक्यावर रुमाल बांधलेला. दारात आला आणि हातातली घडी माझ्यापुढं धरली. माझा टॉवेल. वाळलेला फेस त्याला तसाच चिकटलेला.

"मालकांनी द्यायला सांगितला," तो म्हणाला.

"आणि त्यो?"

"ऱ्हायला तितंच." मारुती बाकावर बसला, कडेला, आपल्या जागी. "सायबांनी इचारलं, हे काय तोंडाचं? मालक म्हणालं, दाढी ऱ्हायलीय. मग म्हणालं, ट्रॅक्टर माझ्याकडं होता. लिहून घ्या." आणि एवढं बोलून तो जो रडायला लागला, तो आबांनी पाठीवर हात ठेवला तरी थांबंना. बहिणीच्या लग्नाचं आता कसं, हेच त्याच्या तोंडात.

दत्ताला जामीन झाला. खटला चालू आहे, तारखा पडतात. गाव माझ्याविषयी दोन्ही बोललं. कुणी म्हणालं तात्यानं बरं केलं, कुणी म्हणालं न्हाव्याला ही उठाठेव कशाला. दत्ताच्या भावकीतली घरं माझ्याकडं यायची बंद झाली. दत्तानं स्वतः दाढी वाढवली, थेट भैरूसारखी. रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूनं जायचा. त्याचं मला वाईट वाटायचं, हे मी कबूल करतो. शंकरच्या घरी मी एकदा जाऊन आलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. बसलो आणि उठलो.

मालिकेचा शेवटचा भाग आला. दुकान पुन्हा गच्च. भैरूचं काय होणार, ह्यावर वाद चालू. एकाएकी दारातला आवाज पडला. मी आरशात बघितलं, दत्ता उभा होता. बाकावर जागा नव्हती. मारुती सरकला. दत्ता त्याच्या शेजारी बसला. दोघांनी शेवटपर्यंत भाग बघितला. भैरू मेला. लोक म्हणाले, वाईट झालं, काही म्हणाले, चांगलं झालं.

लोक पांगले. मी टीव्ही बंद केला. दत्ता उठून खुर्चीत येऊन बसला.

"तात्या, कुठवर आली व्हती?"

मी म्हटलं, "डावा गाल."

केस वाढलेले दोन्हीकडचे, पण मी सुरुवात डावीकडूनच केली. पाणी मुरवायला वेळ लागला. फेस दोनदा करावा लागला. मारुती बाकावरून बघत होता. डावा झाला, उजवा झाला, हनुवटी झाली. मग मी वस्तरा पुसला आणि थांबलो. मी काही सांगितलं नाही. दत्तानं डोळे मिटले आणि मान मागं टाकली.